विंगेतला बार्ड

पहिल्या रात्री माझा बार्ड, म्हणजे खेळातला गाणारा शाहीर, तिसऱ्याच फेरीत आडवा झाला आणि खरं सांगायचं तर टेबलावरच्या कुणालाही त्याचं वाईट वाटलं नाही. टेबल आपलं म्हणायला. आम्ही बसलो होतो डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, घरच्या सपरीत, सतरंजीवर. मधे एक पालथं गंज, त्यावर चौकटींच्या वहीचं पान, पानावर गॉब्लिन, म्हणजे खेळातले बुटके राक्षस, म्हणून ठेवलेले फुटाणे. माझा बार्ड म्हणजे एक शर्टाचं बटण होतं. मिलवाल्याने ते बटण आडवं केलं, एक गॉब्लिन उचलून तोंडात टाकला आणि म्हणाला, "चला, आता जरा लवकर होईल."

आम्ही खेळतो डन्जन्स अँड ड्रॅगन्स, पाचवी आवृत्ती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एक जण जग सांगतो, तो डीएम. बाकीचे त्या जगातलं एकेक पात्र होतात आणि काय करायचं ते तोंडाने बोलतात. जमलं की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. आमचा डीएम नागपूरला इंजिनिअरिंग करून परत आलेला. त्याच्या वहिनी उपकेंद्रात सिस्टर आहेत, त्या खेळात रोग झाल्या, म्हणजे कुलपं उघडणाऱ्या आणि पाठीमागून सुरा घालणाऱ्या. जिल्हा परिषद शाळेतले मास्तर क्लेरिक, म्हणजे जखमा बऱ्या करणारे पुजारी. मिलवाला राइस मिलवर हमालांचा हिशेब बघतो. त्याच्या तोंडात कायम खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, असतो, त्यामुळे कमी बोलायचं पात्र हवं म्हणून तो फायटर, म्हणजे नुसता लढणारा, झाला. मी बसस्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरून देतो. दिवसभर लोकांशी बोलायचं काम, तेव्हा बार्ड आपल्यालाच जमेल असं मी स्वतःच ठरवून टाकलं.

खेळ शनिवारी रात्री सुरू होतो आणि पहाटेच संपतो. यात हौस आहेच, पण ब्रह्मपुरीच्या या पट्ट्यात मध्यरात्री पांदणीने घरी निघणं म्हणजे वाघाला आवतण. एकदा बसलं की उजाडेपर्यंत बसावंच लागतं. रोवणीच्या दिवसांत मात्र सगळं बंद. तेव्हा कमरेत वाकून वाकून कुणात फासा टाकायचंही त्राण उरत नाही.

नियम आम्ही फुकट आणि उजळ माथ्याने मिळवले. जानेवारी २०२३मध्ये खेळाच्या कंपनीने पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला. त्यात बार्ड आहे, पण त्याचं 'कॉलेज', म्हणजे बार्डची शाखा, एकच, कॉलेज ऑफ लोअर. मला निवड करण्याचा त्रासच नव्हता. आपल्याकडे बारावीनंतर जवळचं जे असेल ते कॉलेज धरतात, तसं.

डीएमला इतिहास सांगायची भारी हौस. त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं की बार्ड सोपा समजू नकोस. खेळ आला १९७४मध्ये आणि त्यात बार्ड नव्हताच. तो १९७६मध्ये एका मासिकातल्या लेखातून आत शिरला. १९७८च्या पुस्तकात त्याला जागा मिळाली तीही परिशिष्टात, आणि अट अशी की आधी फायटर व्हा, मग चोर व्हा, मग ड्रुइड या निसर्गपूजकांकडे शिका, तेव्हा कुठे बार्ड. मी ते सगळं या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. माझ्या डोक्यात तोवर एक लांब केसांचा एल्फ उभा राहिला होता. हातात ल्यूट हे तंतुवाद्य, कमरेला रेपियर ही तलवार, नाव सात अक्षरी.

चुका मी एकदम आणि घाऊक केल्या.

पहिली चूक कागदावरच झाली होती. पहिल्या लेव्हलला बार्डला चार स्पेल, म्हणजे मंत्र, मिळतात. मी घेतले फेअरी फायर, बेन, हिरोइझम आणि हिडियस लाफ्टर. चारही चांगले. पण चारही कॉन्सन्ट्रेशनचे, म्हणजे चित्त लावून टिकवायचे, आणि कॉन्सन्ट्रेशन एका वेळी एकावरच राहतं. दुसरा टाकला की पहिला विझला. म्हणजे चार बैल घेऊन आलो आणि जू एकालाच पुरेल एवढं. त्यात दर वेळी मार लागला की ते टिकतं का याचा फासा टाकावा लागतो, आणि मी उभा होतो सगळ्यांच्या पुढे, रेपियर परजत. माझी आर्मर क्लास, म्हणजे मला वार लागायला गाठावा लागणारा आकडा, १३ आणि हिट पॉइंट, म्हणजे अंगातला जीव, ९. गॉब्लिनच्या दोन वारांत खेळ खलास. बार्डच्या हातात तलवार दिलेली असते हे खरं, पण लग्नात नवरदेवाच्या हातातही कट्यार असते.

दुसरी चूक जास्त नडली. बार्डचं मुख्य हत्यार म्हणजे बार्डिक इन्स्पिरेशन. आपल्या पाळीत बोनस ॲक्शन, म्हणजे मुख्य ॲक्शनशिवायची एक छोटी कृती, वापरून, ६० फुटांच्या आत ज्याला आपलं ऐकू येतं अशा एका सोबत्याला आपण एक सहाचा फासा देतो. स्वतःला देता येत नाही. पुढच्या दहा मिनिटांत त्याने तो कधीतरी आपल्या फाशात मिळवायचा, मग तो वार असो, एखादं कसब असो की संकटातून वाचायचा सेव्ह असो. माझा करिश्मा, म्हणजे लोकांवर छाप पाडायचं बळ, १६, त्याचे अधिक तीन, म्हणून असे तीन फासे, आणि ते परत मिळणार रात्रभराच्या विश्रांतीनंतरच. मी काय केलं, तर प्रत्येक फाशासोबत म्हणायला एकेक आठ ओळींचं कवन लिहून नेलं. यमक जुळवायला दुकानात बसून तीन दिवस घातले होते. पहिलं कवन मी वहिनींवर म्हटलं. त्या गालात हसल्या. दुसरं मिलवाल्यावर सुरू केलं, तर पाचव्या ओळीला तो उठून बाहेर थुंकून आला आणि म्हणाला, "भाऊ, तुही ओवी होईस्तोवर गॉब्लिन म्हतारा होऊन मरते."

एवढं करून फासा वाया गेला तो गेलाच. दिलेला फासा आपल्याजवळ आहे हे दोघांनाही आठवलं नाही. मलाही नाही, कारण मी तिसऱ्या कवनाचा कागद शोधत होतो.

तिसरी चूक मला त्या रात्री कळलीसुद्धा नाही. गावाच्या वेशीवर पहारेकरी भेटला, मी बोललो. दुकानदार भेटला, मी बोललो. पकडलेला गॉब्लिन बोलता करायचा होता, तिथेही मीच. पर्सुएशनला, म्हणजे मन वळवायला, माझे अधिक पाच होते ना! वहिनी मधे उठल्या, कुकर लावला, तीन शिट्या झाल्या, गॅस बंद करून परत येऊन बसल्या आणि विचारलं, "माही पाळी आली काय?" आली नव्हती.

सपरीच्या कोपऱ्यात खाटेवर डीएमचे काकाजी पडलेले असतात. मच्छरदाणीत, तोंड भिंतीकडे. आम्हाला वाटायचं, ते झोपतात. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनी मला विचारलं, "कालचा तो कवनवाला तूच काय?"

मी हो म्हटलं.

"आमच्या कंपनीत असता तर पयल्याच रात्री वापस पाठवलं असतं तुले."

काकाजींची कंपनी म्हणजे नाटक कंपनी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात दिवाळीनंतर मंडई, म्हणजे जत्रा, भरते, शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, होतात आणि त्यासोबत रात्रभराचं नाटक असतंच. ही आमची झाडीपट्टी रंगभूमी. तिचं ठाणं वैनगंगेपलीकडे वडशाला, म्हणजे कागदोपत्री देसाईगंजला. तिथे कंपन्यांची ऑफिसं एकाला एक लागून आहेत आणि हंगामात कलाकार आज या गावी तर उद्या त्या गावी, वेगवेगळ्या नाटकांत उभे राहतात. इतकी भाषणं कुणाच्या डोक्यात राहणार? म्हणून प्रॉम्प्टर. काकाजी कितीतरी हंगाम प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टूल, मांडीवर वही, हातात टॉर्च.

"तुले वाटते, प्रॉम्प्टर म्हंजे वाचून दाखवनारा मानूस," ते म्हणाले. "वाचता तर शाळेतल्या पोरालेई येते. कवा द्याचं हे पाह्यजे."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी तेव्हा नाटकाबद्दलचं म्हणूनच ऐकलं. नट थांबला म्हणजे विसरलाच असं नसतं. तो टाळी घेण्यासाठी थांबलेला असतो. तेव्हा विंगेतून शब्द गेला की त्याचा विरामही गेला आणि टाळीही गेली, वर तो मध्यंतरात येऊन शिव्या देणार. ओळखायचं कसं? थांबलेल्याची नजर समोरच्या नटावर राहते. विसरलेल्याची नजर हळूच विंगेकडे सरकते, पण मान वळत नाही. त्या नजरेला शब्द द्यायचा. तोही माणूस बघून. एकाला वाक्यातला पहिला शब्द पुरतो. एकाला अख्खं वाक्य लागतं. एक असा होता की त्याला शब्द नको असायचा, नुसतं वहीचं पान उलटल्याचा आवाज आला की भाषण आठवायचं.

"अन् लोकायले प्रॉम्प्टर आयकू आला," काकाजींनी बशीतला चहा संपवला, "म्हंजे समज त्या रात्री काईतरी बिघडलं."

सायकलवर घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच घोळत राहिलं. मी सात अक्षरी नावाचा हिरो घेऊन स्टेजवर चढलो होतो आणि माझी जागा स्टुलावर होती.

दुसऱ्या लेव्हलला बार्डला एक जुना स्पेल बदलता येतो आणि एक नवा मिळतो. हिरोइझम काढून हीलिंग वर्ड घेतला. नवा घेतला स्लीप. हीलिंग वर्ड दिसायला किरकोळ आहे. चारचा फासा अधिक माझे करिश्म्याचे तीन, एवढेच हिट पॉइंट देतो. मास्तरांचा क्युअर वुंड्स त्याहून जास्त देतो. पण क्युअर वुंड्सला हात लावावा लागतो आणि पूर्ण ॲक्शन जाते. हीलिंग वर्ड ६० फुटांवरून, बोनस ॲक्शनमध्ये. या खेळात माणूस एका हिट पॉइंटवरही पूर्ण ताकदीने लढतो, शून्यावर मात्र पडतो. त्यामुळे धडधाकट असताना थोडं थोडं बरं करत बसण्यापेक्षा पडलेल्याला चार पॉइंट देऊन उभं करणं केव्हाही शहाणपणाचं. एक गाठ मात्र लक्षात ठेवावी लागते: बोनस ॲक्शनने स्पेल टाकला की त्या पाळीत ॲक्शनने फक्त कँट्रिपच, म्हणजे कितीही वेळा चालणारा साधा मंत्र, टाकता येतो. इन्स्पिरेशन हा स्पेल नाही, त्यामुळे त्याला ही अट नाही. हा फरक मला कळायला दोन शनिवार लागले आणि त्या काळात डीएमशी माझं तीनदा भांडण झालं. तिन्ही वेळा तोच बरोबर होता.

ल्यूट गेली. ती कशी दिसते हे मला स्वतःलाच धड माहीत नव्हतं, वाजवून काय दाखवणार? पुस्तकातल्या यादीत ड्रम आहे. मी विचारलं, ड्रमच्या जागी खंजिरी चालेल का? डीएम म्हणाला, चालेल. नाव झालं भिका. जात एल्फच ठेवली. कागद पुन्हा लिहायचा कंटाळा.

खंजिरी आणली त्या रात्री मच्छरदाणीतून आवाज आला. "भजनाची खंजिरी हाय ते. तिच्यावर शिव्या देनार काय?"

प्रश्न बरोबर होता. आमच्याकडे खंजिरी म्हटली की आधी तुकडोजी महाराज डोळ्यांपुढे येतात. गुरुकुंज मोझरी आमच्यापासून लांब आहे, पण इथेही गावोगावच्या भजनी मंडळांत खंजिरी त्यांच्याच नावाने वाजते. आणि बार्डचं सगळ्यात गाजलेलं कँट्रिप म्हणजे व्हिशस मॉकरी, शत्रूला टोचून बोलून घायाळ करायचं. नियम काढून बघितला. मॉकरीला फक्त आवाज लागतो, हात नाही, वाद्य नाही. हीलिंग वर्डलाही आवाजच. तिथेच वाटणी केली. सोबत्याला फासा द्यायचा किंवा पडलेल्याला उठवायचं तर खंजिरीवर एक थाप. शिवीला कोरडं तोंड. मच्छरदाणीतून "हं" आला, तो मी मंजुरी धरला.

कवनं बंद केली. फासा द्यायचा तर एक थाप आणि चार-पाच शब्द. "मिलवाले, मागं बघू नका." बस्स. पण विसरण्याचं काय? बार्डच्या फाशाचा नियम मोठा उदार आहे. ज्याला दिला तो आपला वीसचा फासा पडलेला बघू शकतो आणि डीएमने जमलं की फसलं हे सांगायच्या आत ठरवू शकतो, मिळवायचा की ठेवायचा. म्हणजे वेळ हेच त्यातलं धन. पण डाव रंगला की माणूस नुसता फाशाकडे बघत राहतो आणि डीएम बोलून मोकळा होतो.

यावर तोडगा निघाला चिंचोक्याचा. आमच्याकडे सात फाशांचा एकच संच, वर लुडोचे दोन. लोकांच्या हातात फासे देऊन ठेवणं परवडत नव्हतं. मी घरून तीन चिंचोके आणले. ज्याला इन्स्पिरेशन दिलं त्याच्या गुडघ्यासमोर एक चिंचोका. वापरला की परत माझ्याकडे. तीनच असल्याने किती उरले हे सगळ्यांना दिसायचं. मिलवाल्याने पहिल्या रात्री एक चघळला, ते सोडलं तर पद्धत चोख चालली.

यानंतर मी माणसं बघायला लागलो. इथे मला काकाजींचं स्टूल खरं कामाला आलं. मास्तरांना आधी सांगावं लागतं. पाळी यायच्या दोन माणसं अगोदर हळूच म्हणायचं, "मास्तर, तुमच्या शेजारचा पडायला आलाय." ते वही उघडतात, चष्मा चढवतात आणि पाळी येईतो तयार असतात. ऐन वेळी सांगितलं तर गडबडून चुकीचा स्पेल टाकतात. वहिनींना आकडा लागतो. "तीनने हुकलं असावं" म्हटलं की त्या लगेच हिशेब करतात, चिंचोका द्यायचा की नाही. मिलवाल्याला काहीच सांगायचं नाही. सांगितलं की मुद्दाम उलटं करतो. तो अडला की त्याचा हात खर्ऱ्याच्या पन्नीकडे जातो. त्या वेळी नुसतं चिंचोक्याकडे बघायचं.

बोलण्याचं तर आणखी मजेशीर झालं. वैनगंगेसारखीच एक नदी डीएमने आडवी घातली होती आणि पलीकडे न्यायला एक हट्टी नावाडी. त्याची बायको बाळंत व्हायला आलेली, तो घर सोडायला तयार नाही. माझे पर्सुएशनला अधिक पाच, वहिनींच्या रोगचा करिश्मा ८, म्हणजे उणे एक. सरळ हिशेबाने मीच बोलायला हवं होतं. पण आम्हा पाचांत बाळंतपणं कुणी केली आहेत? मी नावाड्याला रामराम केला आणि विचारलं, "पहिलीच वेळ का? आमच्या या बाईंना एकदा दाखवून घ्या." आणि गप्प बसलो. चिंचोका वहिनींसमोर सरकवला.

वहिनींनी नावाड्याच्या बायकोला काय काय विचारलं! पोटात दुखणं कुठून सुरू होतं, पायाला सूज आहे का, गरम पाणी, स्वच्छ कपडा, कोण कोण आहे घरात. डीएम बिचारा लग्न न झालेला पोरगा, त्याला बाळंतिणीच्या वतीने उत्तरं द्यावी लागत होती, आणि तो कानापर्यंत लाल झाला होता. शेवटी फासा टाकायला सांगितला. १३ पडले, उणे एक, १२. लागणार १५. वहिनींनी चिंचोका उचलला, लुडोचा फासा टाकला, ४. सोळा. नाव मिळाली, भाडं माफ, आणि येताना बाळाला बघायला यायचं आमंत्रण. त्या रात्री कुकर लागला नाही. आम्ही मुरमुरे खाल्ले.

मला वाटतं, जास्त करिश्म्याच्या माणसाचं काम सगळीकडे स्वतः बोलणं हे नसावंच. गाडगेबाबांच्या कीर्तनाबद्दल आमचे आजोबा सांगायचे, की बाबा उपदेश कमी करायचे आणि प्रश्न जास्त विचारायचे. उत्तर लोकांनीच द्यायचं आणि ते देताना स्वतःलाच ऐकायचं. टेबलावरही प्रश्न विचारून दुसऱ्याच्या हातात धागा दिला की रात्र पुढे सरकते. अर्थात कधीकधी मलाही बोलायचं असतं, आणि मी बोलतोही. संन्यास घेतलेला नाही.

मॉकरीचं सांगायचं राहिलं. नुकसान किती, तर चारचा एक फासा. चिमटा. पण शत्रूचा विझडम सेव्ह फसला तर त्याच्या पुढच्या वाराला डिसॲडव्हांटेज, म्हणजे दोन फासे टाकून कमी असलेला धरायचा. हे फक्त एका वाराला लागू आहे, आणि इथेच ते कुणावर वापरायचं याची मेख आहे. एका पाळीत दोन-तीन वार करणाऱ्यावर ते अर्धं वाया जातं. जो एकच पण जबरदस्त वार करतो त्याच्यावर ते सोन्यासारखं. शब्द त्याला समजले पाहिजेत अशीही अट नाही, ऐकू आले की झालं. म्हणून मी सरळ आमच्या झाडी बोलीत शिव्या देतो.

त्या मात्र तयार करून नेतो. ऐन वेळी सुचतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. लहानपणी खडी गंमत या आमच्याकडच्या लोकनाट्यातल्या शाहिरांची एकमेकांवरची चढाओढ ऐकलेली होती. त्यात समोरच्याला आईबहिणीवरून बोललं की पब्लिक कंटाळतं, पण त्याच्या धोतराच्या गाठीवरून बोललं की हसून लोळतं. मी दुकानातल्या पावतीबुकाच्या मागे एकेक ओळ टिपून ठेवतो. एकच ओळ. दुसरी ओळ आली की तिचं कवन होतं आणि मग मिलवाला उठून बाहेर जातो.

तिसऱ्या लेव्हलला कॉलेज ऑफ लोअरने कटिंग वर्ड्स दिलं. हे इन्स्पिरेशनचं उलटं. शत्रूचा फासा पडल्यावर, डीएमने निकाल सांगायच्या आत, रिॲक्शन, म्हणजे दुसऱ्याच्या पाळीतली झटपट कृती, वापरून त्यातून माझा सहाचा फासा वजा करायचा. पण तो फासा त्याच तीन चिंचोक्यांतून जातो. दुसऱ्याला देऊन ठेवायचा की आपल्याकडे राखायचा? मी नियम केला आहे, दोन वाटायचे आणि एक मुठीत. बरेचदा तो मीच मोडतो. डीएमलाही एक सवय लावून घ्यावी लागली. तो आता आकडा मोठ्याने सांगतो आणि एक श्वास थांबतो. तो श्वास नसता तर कटिंग वर्ड्सचा काही उपयोग नव्हता.

होळीच्या अलीकडच्या शनिवारी आम्ही ओगरला, म्हणजे एका धिप्पाड राक्षसाला, भिडलो. जुन्या मालगुजारी तलावाच्या पाळीवर त्याने घर केलं होतं आणि झुडपांत चार गॉब्लिन. डीएमने तलाव आमच्याच गावचा घेतला होता, फक्त सिंचन विभागाची पाटी काढून टाकली होती. लाइट गेलेली, मधे कंदील, गंजावर चार फुटाणे आणि ओगर म्हणून एक अख्खा आलू.

पहिल्या पाळीत मी मागे, चिंचेच्या आड. फेअरी फायर टाकला. २० फुटांच्या चौकोनात चारपैकी तीन गॉब्लिन जांभळ्या उजेडाने पेटले. आता त्यांच्यावर वार करणाऱ्या प्रत्येकाला ॲडव्हांटेज, म्हणजे दोन फाशांतला मोठा धरायचा, आणि वहिनींना तेच हवं होतं, कारण ॲडव्हांटेज मिळालं की रोगचा स्नीक अटॅक, तो पाठीमागचा सुरा, लागतो. बोनस ॲक्शनला एक थाप, चिंचोका मिलवाल्यासमोर.

ओगर मिलवाल्याकडे निघाला. गदेचा एकच वार, सरासरी तेरा पॉइंटचा. हाच तो, एका वाराचा गडी. तोवर एका गॉब्लिनच्या बाणाने मास्तर पडले. दुसऱ्या पाळीत मी उठलो, कोरड्या तोंडाने ओगरला म्हणालो, "अबे, तुहं डोकं म्हंजे चैतातली बोडी, पानी नाई, नुसता गार!" बोडी म्हणजे आमच्याकडचं छोटं तळं, गार म्हणजे चिखल. सेव्ह फसला. दोन पॉइंट गेले, ते जाऊ देत. डीएमने दोन फासे टाकले, १७ आणि ३, आणि तोंड वाकडं करून तीन धरले. गदा तलावाच्या पाळीत रुतली. मॉकरी कँट्रिप आहे, म्हणून त्याच पाळीत हीलिंग वर्डही बसला. खंजिरीवर थाप, मास्तर पाच पॉइंटवर उठून बसले आणि आधी चष्मा शोधायला लागले. खरा चष्मा. अंधारात पडला होता.

तिसऱ्या फेरीत ओगरने पुन्हा उचलली. "सतरा," डीएम म्हणाला आणि थांबला. मिलवाल्याची आर्मर क्लास १६. त्याच्याकडे चार हिट पॉइंट उरले होते. मी मुठीतला चिंचोका गंजावर टाकला आणि ओगरकडे बघून म्हणालो, "गाठ सुटली रे!" लुडोच्या फाशावर तीन. चौदा. ओगरने खाली बघितलं असेल, नसेल, पण वार हुकला.

आता मिलवाला. वहिनींनी आणि मास्तरांनी मिळून आलू जवळजवळ संपवलाच होता. मिलवाल्याने फासा टाकला आणि पडले ४. अधिक पाच, ९. ओगरची आर्मर क्लास ११ आहे हे आम्हाला एव्हाना कळलं होतं. सपरीत कुणी बोलेना. डीएमने तोंड उघडलं. मिलवाल्याचा हात पन्नीकडे गेला.

मी चिंचोक्याकडे बघितलं.

त्याने माझ्याकडे बघितलं, मग खाली, मग घाईघाईने लुडोचा फासा उचलून इतक्या जोरात टाकला की तो खाटेखाली गेला. कंदील घेऊन तिघे जण वाकलो. तीन. बारा!

आलू त्याने हाताने फोडला. वहिनी ओरडल्या, "अहो, सकाळच्या भाजीचा आहे तो!"

सोमवारी मी मिलवर गेलो तेव्हा तो हमालांना सांगत होता की चार पॉइंटवर असताना एकट्याने ओगर कसा लोळवला. ॲक्शन करून दाखवत होता. चिंचोक्याचा विषय नव्हता, खंजिरीचाही नव्हता. मला बघून म्हणाला, "हा होता तिथं, विचारा त्याले." मी म्हटलं, होय, एकट्यानेच.

संध्याकाळी वही परत करायला डीएमकडे गेलो. काकाजी सपरीत तांदूळ निवडत बसले होते. मी मुद्दाम त्यांच्यासमोर टेकलो. बराच वेळ त्यांनी काही म्हटलं नाही. एक खडा काढून बाजूला ठेवला.

"परवा तो फासा माह्या खाटेखाली आला," ते म्हणाले. "तीन होते ते खरं."

"तुम्ही जागे होते?"

"बोडीवाली चांगली बसली. पन गाठीचं वाक्य लवकर घेतलं तू. त्या पोट्टयानं सतरा म्हटल्यावर जरा श्वास घ्याचा होता."